किल्ली कोणाकडे असते?



आज एका प्रश्नापासून सुरुवात करू या. तुमच्या गावात एखादा हॉल असेल. कुठे त्याला ‘सभागृह’ म्हणतात, कुठे ‘स्मारक मंदिर’, तर कुठे नुसतंच ‘वाचनालयाच्या वरची खोली’. तिथे नाटकाची तालीम चालते. कधी चित्रांचं प्रदर्शन लागतं. सुट्टीत पेटी-तबल्याचा वर्ग भरतो. कोजागरीला कविसंमेलन होतं. तर प्रश्न असा, की या जागेची किल्ली कोणाकडे असते?

सोपा वाटतो ना? मग आज जेवताना घरात विचारून बघा. हॉल सगळ्यांना माहीत असेल, पण किल्ली कुठे असते हे बहुतेकांना सांगता येणार नाही. मी तुमच्याएवढा होतो तेव्हा मला किल्ली कोणाकडे असते हे ठाऊक होतं, पण त्याचा अर्थ मात्र कळला नव्हता. त्यामुळे माझ्या हातून एक मोठी चूक झाली. तीच आधी सांगतो.

आमचं गाव बुलढाणा जिल्ह्यातलं, घाटाखालचं. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो, आमच्या जिल्ह्यातून अजिंठ्याच्या डोंगराची रांग जाते. तिच्या वरचा चिखली-मेहकरकडचा भाग तो घाटावरचा, आणि खालचा खामगाव-मलकापूरकडचा भाग तो घाटाखालचा. तर आमच्या त्या घाटाखालच्या गावात एक पत्र्याचा हॉल होता. आत एक लाकडी मंच, तीसेक घडीच्या खुर्च्या, दोन सतरंज्या, एक पेटी आणि तबल्याची एक जोडी. पेटीची एक पट्टी दाबली की वर येतच नसे, बोटाने उचलावी लागे. उन्हाळ्यात आत भट्टी पेटल्यासारखं व्हायचं आणि पावसाळ्यात पत्र्यावर इतका आवाज व्हायचा, की संवाद ओरडून म्हणावे लागत. पण आम्हाला ती जागा घरापेक्षा प्यारी होती.

हॉलची किल्ली टेलरकाकांच्या दुकानात, शिलाई मशिनीच्या वर भिंतीला ठोकलेल्या खिळ्यावर असे. रोज संध्याकाळी टेलरकाका गळ्यातली टेप काढून ठेवायचे, किल्ली घ्यायचे, हॉल उघडायचे, झाडून घ्यायचे आणि दिवा लावायचे. रात्री आम्ही गेल्यावर खुर्च्या मोजून कुलूप लावायचे. मी आठवीत होतो. त्या वर्षी आमच्या बालनाट्याची तालीम तिथे चालली होती.

दिवाळी आठ दिवसांवर आली होती. एक दिवस टेलरकाकांना अर्धा-पाऊण तास उशीर झाला. आम्ही दहा-बारा पोरं पायरीवर बसून कंटाळलो होतो. ते घाईघाईने आले तसा मी फणकाऱ्याने म्हणालो, “काका, इतका उशीर? मग तुम्हाला पगार कशाचा मिळतो?”

बाकीची मुलं गप्प झाली. टेलरकाकांनी कुलपात किल्ली फिरवली आणि हसून म्हणाले, “भेटते ना बापू, भेटते पगार. चाला, आधी सतरंजी झटका.”

घरी आल्यावर मी मोठ्या तोऱ्यात ही गोष्ट सांगितली. बाबांनी ताटावरून मान वर केली. म्हणाले, “अरे, त्यांना कोण पगार देणार? ते टेलर आहेत. दिवाळीच्या तोंडावर टेलरला मान वर करायला तरी फुरसत असते का? तुमच्यासाठी ते हातातलं काम टाकून येतात आणि रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मशीन मारून ते भरून काढतात. एखाद्या महिन्यात वर्गणी जमली नाही तर लाइटबिलही तेच भरतात.”

त्या रात्री मला जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांच्या आधी जाऊन हॉलच्या पायरीवर बसलो. माफी मागायची होती, पण तोंडातून शब्द फुटेना. शेवटी मी त्यांच्या हातातला झाडू घेतला. त्यांनीही काही म्हटलं नाही, झाडू सोडला.

आता तुम्ही म्हणाल, असल्या जागा सरकार का चालवत नाही? काही चालवतंही. मोठ्या शहरांतली नाट्यगृहं बरेचदा महानगरपालिकेची असतात. तिथे व्यवस्थापक असतो, पगारी माणसं असतात. पण लहान गावातल्या बहुतेक कलेच्या जागा गावकऱ्यांनीच उभ्या केलेल्या असतात आणि तेच त्या चालवतात. कशा, ते बघा. गंमत आहे.

आपल्याकडे संस्था नोंदणीचा एक फार जुना कायदा आहे, १८६० सालचा. त्याप्रमाणे संस्था काढायला किती माणसं लागतात, सांगा बरं? फक्त सात! सात प्रौढ माणसांनी एकत्र यायचं, संस्थेचा उद्देश लिहून काढायचा, नियम ठरवायचे आणि नोंदणी करायची. महाराष्ट्रात १९५० सालचा सार्वजनिक विश्वस्त संस्थांचा आणखी एक कायदा आहे. त्याप्रमाणे धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातही नोंद होते. मग वर्षातून एकदा सभा घ्यायची आणि जमाखर्च तपासून घ्यायचा. अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष ही नावं ऐकायला भारदस्त वाटतात, पण छोट्या गावात सचिव म्हणजे सभेच्या नोटिसा स्वतः सायकलवरून वाटणारा माणूस आणि कोषाध्यक्ष म्हणजे पावतीपुस्तक घेऊन दारोदार वर्गणी मागणारा! या पदांना ‘मानद’ म्हणतात. त्यात मान असतो, धन नसतं.

वाचनालयांचंही असंच. महाराष्ट्रात १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. त्याखाली मान्यता मिळालेल्या ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात आणि वर्गाप्रमाणे त्यांना सरकारी अनुदान मिळतं. पण ग्रंथालय चालवायचं ते गावातल्या कार्यकारी मंडळानेच. अशा वाचनालयाला एखादा हॉल असला, की तिथे व्याख्यानं होतात, गाणं होतं, नाटकही होतं. बुलढाण्याच्या गर्दे वाचनालयाचं सभागृह आमच्या जिल्ह्यात सगळ्यांना माहीत आहे.

आणि हे काही एक-दोन वर्षांचे उत्साह नसतात, बरं का. विदर्भ साहित्य संघ १९२३ सालच्या मकरसंक्रांतीला अमरावतीत स्थापन झाला. पुढे त्याचं मुख्य ठाणं नागपूरला गेलं. २०२३ साली त्याला शंभर वर्षं झाली. गावोगावच्या त्याच्या शाखा कोणी सांभाळल्या? शाळामास्तरांनी, वकिलांनी, बँकेतल्या कारकुनांनी. दिवसा आपली नोकरी केली आणि संध्याकाळी संघाचं काम केलं.

अशा माणसांना आपल्या भाषेत एक छान शब्द आहे, ‘हौशी’. पण हल्ली तो शब्द नाक मुरडून वापरतात. “हौशी नाटक होतं” म्हणजे “यथातथाच होतं”. हे काही बरोबर नाही. हौशी म्हणजे पैशासाठी न करणारा. कच्चा असा त्याचा अर्थ नाही. पटत नसेल तर आमच्या जिल्ह्यातल्याच तीन माणसांकडे बघा.

पहिले श्रीपाद कृष्ण कोल्हटकर. जन्म १८७१, मृत्यू १९३४. ‘मूकनायक’सारखी नाटकं आणि ‘सुदाम्याचे पोहे’ हे विनोदी लेख त्यांचे. राम गणेश गडकरी त्यांना आपले गुरू मानत. कोल्हटकरांचा पोटापाण्याचा धंदा कोणता? वकिली! अकोला, खामगाव आणि जळगाव जामोद या गावांत ते वकिली करत. कज्जे-खटल्यांचे कागद बाजूला सारून त्यांनी अख्ख्या महाराष्ट्राला हसवलं. खामगावात आज त्यांच्या नावाचं कोल्हटकर स्मारक मंदिर आहे.

दुसरे कवी ना. घ. देशपांडे. १९०९ साली आपल्याच जिल्ह्यातल्या शेंदुर्जनला जन्मले आणि आयुष्यभर मेहकरला राहिले. तेही वकीलच! त्यांची ‘शीळ’ ही कविता गायक जी. एन. जोशी यांनी १९३० च्या दशकात गायली. तिची तबकडी निघाली आणि मेहकरच्या कवीचे शब्द मुंबई-पुण्याच्या घराघरांत वाजू लागले. मराठी भावगीताच्या सुरुवातीच्या गाण्यांत तिचं नाव आजही घेतात. पुढे १९८६ साली ‘खूणगाठी’ या संग्रहाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पण ना. घ. काही मेहकर सोडून गेले नाहीत. २००० साली ते वारले.

तिसरे कादंबरीकार सदानंद देशमुख. चिखलीजवळच्या अमडापूरचे. मुलांना शिकवता शिकवता त्यांनी शेतकऱ्याच्या घरातली घालमेल लिहिली. ‘बारोमास’ या त्यांच्या कादंबरीला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

दोन वकील आणि एक शिक्षक. तिघांनीही आपलं रोजचं काम सांभाळून लिहिलं.

नाटकातही तेच दिसेल. महाराष्ट्र शासनाचं सांस्कृतिक कार्य संचालनालय हौशी नाट्य स्पर्धा घेतं. गावोगावच्या संस्था आधी आपापल्या केंद्रावर नाटक करतात आणि त्यातून निवडलेली नाटकं अंतिम फेरीत जातात. मुलांसाठी बालनाट्य स्पर्धाही असते. डॉ. श्रीराम लागू हे कान-नाक-घशाचे डॉक्टर. पुण्यात मित्रांबरोबर हौशी नाटकं करता करता १९६९ साली ते पूर्णवेळ नट झाले. निळू फुले पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करत आणि राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात काम करत. अशा माणसांना पहिल्यांदा उभं राहायला कुठली तरी छोटी जागा मिळाली होती. कोणीतरी ती उघडली होती, झाडली होती, दिवा लावला होता. त्या माणसाचं नाव कुठल्याही पुस्तकात सापडत नाही.

गोव्यात तर गावच्या जत्रेला गावकरीच नाटक करतात. दिवसा दुकान चालवणारा किंवा शेतात राबणारा माणूस रात्री राजाचा मुकुट घालून देवळापुढच्या मांडवात उभा राहतो. तिथे प्रेक्षकांत त्याचेच शेजारी बसलेले असतात. त्याच्या चुका त्यांना कळतात आणि त्याची मेहनतही. मला वाटतं, लहान गावातल्या कलेचं खरं सुख यातच आहे. मोठ्या शहरात तिकीट काढून अनोळखी माणसांचं काम बघायचं. इथे मात्र ज्यांनी काल आपली विजार शिवली, त्यांनीच आज आपल्या नाटकाचा पडदा ओढायचा.

आता आमच्या टेलरकाकांकडे परत येऊ.

आमच्या तालमी रात्री होत, म्हणून मुली नाटकात यायच्या नाहीत. मुलीची कामं मुलंच करत आणि प्रेक्षक खो खो हसत. नववीत असताना वर्गातल्या एका मुलीने टेलरकाकांना जाऊन विचारलं, “काका, तालीम पाच वाजता ठेवली तर?” ऐन कामाच्या वेळी दुकान बंद करणं म्हणजे धंद्याचं नुकसान. टेलरकाकांनी क्षणभर विचार केला आणि वेळ पाचची केली. त्या वर्षी पहिल्यांदा आमच्या नाटकात चार मुली होत्या आणि त्यांचीच कामं सगळ्यांत चांगली झाली. बघा, हॉल कोणासाठी आहे हे पाटीवर लिहिलेलं असतं. पण खरं उत्तर तो किती वाजता उघडतो त्यावर ठरतं.

पुढे शिक्षणासाठी मी गाव सोडलं. नोकरीला लागलो. हॉलची आठवण यायची, पण टेलरकाकांना एक पत्रही लिहिलं नाही. असं होतं खरं. आपण मोठे होतो आणि आपल्याला मोठं करणारी जागा मागे राहते.

मागच्या दिवाळीत खूप वर्षांनी सवडीने गावी गेलो. हॉल तसाच होता. दाराला कुलूप होतं आणि ते गंजलं होतं. टेलरकाका बरीच वर्षं झाली, गेले. दुकानात त्यांचा नातू बसतो, कपड्यांना अल्टर करून देतो. भिंतीवर तोच खिळा आणि खिळ्यावर तीच किल्ली! मी ओळख सांगितली तशी त्याने काही न विचारता किल्ली काढून दिली.

कुलूप उघडेना. मग त्यानेच मशिनीच्या तेलाची बुधली आणली, चार थेंब सोडले, तेव्हा कुठे किल्ली फिरली. आत कबुतरांनी घरं केली होती. सतरंजीला कसर लागली होती. पेटी होती, पण आता एक नाही, बऱ्याच पट्ट्या बसल्या होत्या. कोपऱ्यात आमच्या नाटकातलं पुठ्ठ्याचं झाड अजून उभं होतं.

मी म्हणालो, “अरे, किल्ली तर तुझ्याकडेच आहे. मग उघडत का नाहीस?”

तो म्हणाला, “उघडायचं काय हो काका, आत्ताही उघडीन. आजोबांनी सांगून ठेवलंय, किल्ली खिळ्यावरून हलवायची नाही. पण उघडल्यावर कोणी येते का? दोन वर्षांमागं आठ दिवस उघडून बसलो होतो. एकबी पोट्टं आलं नाही. सगळे शिकवणीले नाहीतर मोबाइलवर.”

मला उत्तर देता आलं नाही. तुमच्यापैकी कोणाकडे असेल तर सांगा.

खरं म्हणजे अशा जागा बंद कशामुळे पडतात? पत्रे गळतात म्हणून? ते बदलता येतात. पैसे नसतात म्हणून? पैसे टेलरकाकांकडेही नव्हते. ज्या दिवशी किल्ली घेणारं कोणी उरत नाही, त्या दिवशी जागा बंद पडते. आणि किल्ली घेणारा असूनही आत येणारं कोणी नसलं, तरीही ती बंद पडते. आमच्या गावात नेमकं हेच झालं आहे. टेलरकाका मला म्हणाले होते, “भेटते पगार”. तो कसला पगार, हे मला त्यांच्या नातवाचं बोलणं ऐकून कळलं. त्याला तो आठ दिवसांत एकदाही मिळाला नव्हता.

म्हणून आज तुम्हाला एक छोटंसं काम सांगतो. काम तीन पायऱ्यांचं आहे.

पहिली पायरी, तुमच्या गावातल्या अशा जागेची किल्ली कोणाकडे आहे ते शोधून काढा. हॉल नसेल तर देवळाचा सभामंडप चालेल, शाळेचा व्हरांडा चालेल, भजनी मंडळाची खोलीही चालेल. भजनी मंडळ म्हणजे तरी काय? पखवाज, टाळ, पेटी आणि गळा, सगळं बिनपगारी! ती तर आपल्या गावातली कलेची सगळ्यात जुनी शाळा.

दुसरी पायरी, त्या किल्लीवाल्या काकांना किंवा मावशींना भेटा आणि विचारा, की ही जागा कोणी बांधली, पहिलं नाटक कोणतं झालं, शेवटचं कधी झालं. उत्तरं वहीत लिहून घ्या. जुने फोटो असतील तर बघा. जुन्या माणसांना असं कोणी विचारत नाही, म्हणून ते सांगत नाहीत. तुम्ही विचारलंत तर चहाही मिळेल!

तिसरी पायरी जरा अवघड. आठवड्यातली एक संध्याकाळ, एकच, तिथे जा. एकटं जायचं नाही, सात जणांनी जायचं. कायद्याने नोंदणीला सात प्रौढ लागतात, पण तालमीला तुमच्यासारखे सात पुरेत. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या चित्रकलेच्या परीक्षेला बसणारे असाल तर कागद-रंग घेऊन जा. तबल्याची ‘प्रारंभिक’ देणारा कोणी असेल तर त्याने तबला न्यावा. काहीच येत नसेल त्याने झाडू न्यावा. मीही तिथूनच सुरुवात केली होती.

हे पान वाचणाऱ्या आईबाबांनाही एक विनंती. आठवड्याच्या वेळापत्रकात शिकवण्यांच्या मधे ही एक संध्याकाळ मोकळी सोडा. आणि मुलांना तिथे सोडून लगेच घरी परतू नका. दहा मिनिटं थांबा, खुर्च्या लावायला हात लावा. नाटकात काम करणारं मूल रांगेत थांबायला शिकतं, दुसऱ्याचं बोलणं पुरं होईपर्यंत ऐकायला शिकतं आणि आपली वेळ आली की घाबरत घाबरत का होईना, बोलतं. मार्कांच्या यादीत या गोष्टी दिसत नाहीत, पण जन्मभर कामी येतात.

आणि हो, एक सूचना तुम्हा मुलांना. किल्लीवाले काका कधी उशिरा आले, तर मी विचारलं होतं तसं विचारू नका हं! त्यांच्या आधी जाऊन पायरीवर बसा.

मी येत्या सुट्टीत पुन्हा गावी जाणार आहे. टेलरकाकांच्या नातवाला तसा निरोप धाडला आहे. कबुतरांना बाहेर काढायचं आहे, पेटी दुरुस्तीला टाकायची आहे. माझ्या पुतणीने सहा मैत्रिणी जमवल्या आहेत, म्हणजे ती धरून सात झाल्या. पुढे काय होईल, ठाऊक नाही. आठ दिवसांनी त्याही कंटाळतील, किंवा नाहीही कंटाळणार. जे होईल ते याच पानावर खरं खरं सांगेन.

तोवर तुम्ही तुमच्या गावातली किल्ली शोधा. कुठल्या खिळ्यावर सापडली ते पत्राने नक्की कळवा. पत्रात गावाचं आणि तालुक्याचं नाव लिहायला विसरू नका.

तुमचा,
काका